कॅपिटल जी, स्मॉल जी

दहावीच्या विज्ञानात गुरुत्वाकर्षण शिकताना दोन 'जी' भेटतात. कॅपिटल जी हा वैश्विक स्थिरांक, कुठेही गेलात तरी तोच. स्मॉल जी म्हणजे गुरुत्व त्वरण, ध्रुवावर 9.83 आणि विषुववृत्तावर 9.78. दर्यापूर-मूर्तिजापूरकडचं पोरही एकाच्या जागी दुसरा लिहीत नाही, कारण मार्क जातात. म्हणून गणिताच्या सॉफ्टवेअरने लहान-मोठ्या अक्षरांतला भेद सोडून द्यावा, हे म्हणणं मला पटत नाही.

ते म्हणणाऱ्यांची बाजू लंगडी नाही, हेही खरं. आमच्याकडे बी.एस्सी.ला येणारी बरीच मुलं मराठी माध्यमातली. 'आर' ही संख्याशास्त्राची संगणकभाषा शिकवायला घेतली की सुरुवातीला एकच सूर: "सर, एरर येऊन राह्यला." बघावं तर 'मीन'चा एम कॅपिटल. मोबाइलच्या कीबोर्डवर पहिलं अक्षर आपोआप मोठं पडतं, एक्सेलला दोन्ही चालतं, आणि देवनागरीत हा प्रकारच नाही. मग त्या पोराने हे ओळखावं कशावरून?

पण भेद न मानण्याची रीत गणितातून आलेली नाही. 1957 साली फोरट्रान ही संगणकभाषा आली तेव्हा पंचकार्डांच्या यंत्रांवर लहान अक्षरंच नव्हती. यंत्राची अडचण भाषेचा नियम होऊन बसली. गणिताचा व्यवहार मात्र फार आधीपासून या भेदावर चालतो. संख्याशास्त्रात कॅपिटल एक्स हे यादृच्छिक चल, स्मॉल एक्स ही त्याची एक किंमत. वर्गात मोठ्याने वाचलं तर "एक्स बरोबर एक्स होण्याची संभाव्यता" असं काहीतरी हास्यास्पद ऐकू येतं. अर्थ उरतो तो फळ्यावर. जिओजेब्रात कंसात दोन आकडे देऊन नाव मोठ्या अक्षराने ठेवलं तर बिंदू मिळतो, लहानाने ठेवलं तर सदिश. भूमितीची सवय तिथे जशीच्या तशी उतरली आहे.

माझा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे. वापरणाऱ्याने ठेवलेली नावं वेगळी राहावीत. पण सॉफ्टवेअरने स्वतःच्या आज्ञा निव्वळ अक्षराच्या उंचीवर का तोलाव्यात? 'आर'मध्ये स्मॉल सी आकडे एकत्र बांधतो आणि कॅपिटल सी भलतंच काम करतो. मेपलमध्ये तर कमाल: 'पाय'चा पी कॅपिटल असेल तरच ती 3.14 वाली संख्या, स्मॉल असेल तर नुसतं ग्रीक अक्षर, आणि पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात! मॅटलॅब निदान "तुम्हाला हे म्हणायचं होतं का" असं विचारतं. एवढी माणुसकी सगळ्यांना परवडेल.

नोंदींचं प्रकरण आणखी निराळं. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा एकेएच-081 हा कापसाचा वाण घ्या. प्रयोगाच्या तक्त्यात कुणी तो मोठ्या अक्षरांत भरला, कुणी लहान, कुणी मिसळून. 'आर'च्या लेखी ते तीन वाण. वाणांच्या डिग्री ऑफ फ्रीडम दोनने फुगतात, एफ-चाचणी चुकते आणि एररही येत नाही. इथे भेद पुसायलाच हवा. पण तो तक्ता भरणाऱ्याने, एका ओळीची आज्ञा देऊन, सगळ्यांना दिसेल असा पुसावा. सॉफ्टवेअरने परस्पर पुसला तर उद्या खरेच वेगळे असलेले दोन वाणही ते एकाच ओळीत बसवेल.