टेबलावर कुणाची मरिया

औरंगाबाद लेण्यांच्या पायऱ्या चढताना मावशी तीनदा थांबली. शहर छत्रपती संभाजीनगर झालं, पण तिच्या तोंडी अजून औरंगाबादच आहे. घाटी रुग्णालयात नर्स म्हणून उमेदीची सगळी वर्षं उभ्यानं घालवलेली बाई. गुडघे आता त्याचा हिशेब मागतात. वर पोचल्यावर तिनं मागे वळून खाली मकबऱ्याचा घुमट पाहिला, घाम पुसला आणि म्हणाली, "चल, दाखव तुझी ती गुडघे टेकलेली माणसं. मला टेकता येत नाहीत, निदान बघते तरी."

ती माणसं तिसऱ्या लेण्याच्या गाभाऱ्यात आहेत. समोर बुद्ध, आणि त्याच्या दोन्ही अंगांना गुडघ्यांवर बसलेले स्त्रीपुरुष, जवळजवळ माणसाएवढेच. बायकांच्या केशरचना इतक्या निगुतीनं कोरल्यात की कारागिरानं त्या रोज पाहिलेल्या असणार. सुमारे दीड हजार वर्षं ही मंडळी उठलेली नाहीत. मावशी बुद्धाकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त बघत होती. मग हळूच म्हणाली, "हा खुर्चीवर बसल्यासारखा पाय सोडून बसलाय."

"जुन्या अभ्यासकांनी या बैठकीला युरोपियन बैठक म्हटलंय."

"बुद्धाला?" ती हसली. "युरोपातल्यांना सगळीकडे आपलीच खुर्ची दिसते."

बाहेर ओवरीत बसल्यावर मी फाइल काढली. पुढच्या शुक्रवारपासून आमच्या धर्मग्रामात मोठ्यांसाठी तीन दिवसांची साधना होती आणि ती घडवायचं काम माझ्याकडे आलं होतं. एकवीस नावं. वाळूजच्या कंपन्यांतले सहा-सात जण, दोन रिक्षावाले, एक बँकेतली बाई, बाकी निवृत्त. लहान मुलांना रविवारी धर्मशिक्षण मिळतं. दृढीकरण झालं की ते संपतं. मग चाळिशीत नोकरी जाते, मूल आजारी पडतं, आणि माणूस सातवीच्या दप्तरातली उत्तरं उलटीपालटी करत बसतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ साली शास्त्र सर्व श्रद्धावंतांसाठी उघडं हवं असं सांगितलं. आमच्याकडे ते उघडं आहे, कपाटात. म्हणून तीन दिवस: सकाळी लूकचं शुभवर्तमान, दुपारी मौन, संध्याकाळी एका चित्रासमोर बसणं.

"आणि अडलंय कुठं?"

"चित्रावर."

मी दोन्ही तिच्या मांडीवर ठेवली. एक होता आमच्या देवळातल्या पुतळ्याचा फोटो, गोरी मरिया, निळा कमरपट्टा. दुसरी अँजेलो द फोन्सेका यांच्या एका चित्राची छापील प्रत, सावळी मरिया, साडीतली, डोक्यावर पदर.

"तू कुठली ठेवणार ते मला ठाऊक आहे," मावशी म्हणाली. "कारणही सांगून टाक."

"कारण सरळ आहे. शंभर वर्षं आपण फ्रेंच तोंडावळ्याच्या बाईला आई म्हणतोय. परक्या चेहऱ्यासमोर बसलेला माणूस आपला चेहरा देवाला चालत नाही असंच शिकतो, कुणी तसं न सांगताही. फोन्सेका गोव्याचा. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथांकडे आणि नंदलाल बोसांकडे शिकला. त्याची देशी मरिया गोव्यातल्या आपल्याच लोकांना सोसली नाही, म्हणून तो पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात आला आणि तिथंच रंगवत राहिला. १९६७ साली गेला. अशा माणसाचं चित्र आपण आज तरी टेबलावर ठेवू नये?"

मावशीनं चित्र डोळ्यांजवळ नेलं. नर्सची सवय, आधी बघायचं. बराच वेळ.

"छान आहे. पण ही कुणाच्या घरातली बाई आहे रे?"

"आपल्या."

"आपल्या म्हणजे तुझ्या की माझ्या? तिचा पदर बघ, कसा पडलाय. ती शांतता बघ. ही विहिरीपाशी घागर खाली ठेवून कुणी पाणी वाढेल म्हणून उभी राहिलेली नाही. माझी आजी उभी राहिली होती. ही मला त्या वाड्यातली वाटते, ज्याच्या ओट्याखाली आजी उभी असायची. आणि तुझी ती गोरी," तिनं पुतळ्याच्या फोटोवर बोट ठेवलं, "परकी तर आहेच. पण तिनं आम्हाला पाणी नाही म्हटलं नाही."

मी गप्प झालो. मावशीचं माहेर घोगरगावाकडचं. फ्रान्समधून आलेल्या मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या भागात काम सुरू केलं, आणि त्यांच्या मागे जे उभे राहिले ते बहुतेक गावकुसाबाहेरचे. पुस्तकात हे एका ओळीत संपतं.

"पण मावशी, म्हणून काय कायमचं गोरंच ठेवायचं? फादर स्टीफन्स इंग्लंडातून आले आणि ओवीत ख्रिस्तपुराण लिहिलं. १६१६ साली राचोलला छापलं. देशी रूप त्यांनी वरून लादलं नाही. लोकांनीच मागितलं. जुनी पुराणं गेली, आता आम्हाला वाचायला दुसरं पुराण द्या, असं म्हणणारा नवख्रिस्ती त्याच पुराणात आहे."

"मागणारा कोण होता?"

"ब्राह्मणच. ख्रिस्ती झालेला."

"मग बरोबर आहे. त्याचं हरवलं, त्यानं मागितलं, त्याला मिळालं. माझ्या आजानं पुराण मागितलं नाही. त्याला पुराण ऐकायला बसूच देत नव्हते. जे कधी हातातच नव्हतं ते हरवलं म्हणून कसं मागायचं? स्वर्गाला काय म्हणतात तुझे स्टीफन्स?"

"वैकुंठ."

"बघ." एवढंच.

इथं मला वाटलं की ती जिंकली. पण माझ्याकडे एक पत्ता होता. "तू दर सप्टेंबरात हरेगावच्या यात्रेला जातेस. श्रीरामपुराला उतरून गर्दीतून चालतेस. तिथं मरियेला काय म्हणतेस?"

"मतमाउली."

"माउली कुणाचा शब्द? आळंदीचा. वारकऱ्यांचा. तोही वाड्यातलाच की."

"वाड्यातला नाही, वाटेवरचा," ती म्हणाली. "आणि चोखोबाला देवळाच्या बाहेर ठेवलं तरी तो शब्द त्याच्या तोंडातून कुणी काढून घेऊ शकलं नाही. तो आम्ही उचलला. कुणी फादरनं समिती बसवून आम्हाला दिला नाही. पुतळा त्यांनी आणला, नाव आम्ही ठेवलं. तुझ्या चित्रात आणि माझ्या माउलीत एवढाच फरक आहे. तू ठेवणार आहेस. आम्ही उचललं होतं."

बांद्र्याच्या माउंट मेरीला कोळी मोत माउली म्हणतात. 'माउंट' जिभेवर घोळून 'मोत' झाला असं सांगतात, आणि पुढं कुठंतरी 'मत'. तोंडावळा तसाच राहिला आणि हाक बदलली. परदेशी मातीच्या बाईला मराठी आई करायला या लोकांना ना कुंचला लागला ना परवानगी. हे मला मान्य करावं लागलं. पण मान्य केलं की माझा प्रश्न सुटत नव्हता, आणखी अवघड होत होता.

"मग मी काय करू? टेबल रिकामं ठेवू? ते आपल्या प्रॉटेस्टंट शेजाऱ्यांचं झालं. आणि रिकामं टेबलही मीच ठेवलेलं असणार."

"तुमच्या त्या इग्नेशियसनं काय सांगितलंय? तू मघाशी पायऱ्यांवर बडबडत होतास."

इग्नेशियस लोयोला यांचं 'आध्यात्मिक साधना' हे पुस्तक वाचायचं नाही, करायचं आहे. १५४८ साली त्याला पोपची मान्यता मिळाली. पूर्ण साधना तीस दिवसांची. त्यात साधना घडवणाऱ्याला ताकीद आहे: थोडं सांग, लांबण लावू नकोस, आणि देव आणि माणूस यांच्या मध्ये येऊ नकोस, तराजूच्या काट्यासारखा मधोमध राहा. आणि साधकाला सांगितलंय की प्रसंग वाचून आधी ती जागा डोळ्यांपुढे उभी कर. रस्ता किती लांब, सपाट की चढाचा, गुहा किती मोठी.

"मग झालं की," मावशी म्हणाली. "काट्यानं कुठल्या पारड्यात चित्र टाकायचं हे विचारायचंच नाही. वाच आणि गप्प बस. मरिया एलिझाबेथकडे डोंगराळ भागात निघाली, एवढं वाच. मला काय दिसतं सांगू? पोट घेऊन चढणारी बाई. आपल्याकडून ऊसतोडीला गेलेल्या बायका मी घाटीत पाहिल्यात, सातव्या महिन्यात मोळी उचललेल्या. मला तिच्या पायातली चप्पल दिसते, तुटलेली. आणि वर पोचल्यावर ती जे गाणं म्हणते, ते सिंहासनावरच्यांना खाली ओढणारं आहे, ते मला त्या चपलेवरून कळतं. तुझ्या दोन्ही चित्रांवरून नाही."

मी हललो होतो, हे नाकारत नाही. तरी म्हणालो, "मावशी, यात एक धोका आहे. तुला ऊसतोडवाली दिसते. बँकेतल्या बाईला बँकेतली दिसेल. वाळूजवाल्याला त्याची बायको. प्रत्येकानं आपल्यासारखी मरिया पाहिली तर आम्ही तीन दिवस एकवीस आरशांसमोर बसू. मग घडण कसली? घडण म्हणजे बाहेरच्या कशानं तरी मला घडवणं. समोरच्यानं मला विरोध करायला हवा. ती गोरी बाई निदान परकी आहे. फोन्सेकाची तुला टोचते. कदाचित टोचते म्हणूनच ठेवायला हवी."

ती लगेच बोलली नाही. आत गाभाऱ्यात कुणीतरी मोबाइलचा दिवा पाडला होता आणि गुडघे टेकलेल्यांच्या सावल्या बुद्धाच्या पायांवर हलत होत्या.

"हे खरं आहे," ती शेवटी म्हणाली. "टोचणं मला चालतं. पण कुणी टोचायचं ते बघ. माझे काका ५६ साली नागपूरला गेले आणि बौद्ध झाले. आम्ही नाही गेलो. १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश तुला पाठ असेल; अनुसूचित जातीत आधी हिंदू, मग ५६ ला शीख, ९० ला बौद्ध. ख्रिस्ती अजून बाहेर. काकांच्या नातवंडांना सवलत मिळते, माझ्या मुलांना नाही. तुझ्या एकवीसांत काहींच्या खिशात दोन कागद असतील. दाखल्यावर एक नाव, बाप्तिस्म्याच्या वहीत दुसरं. रविवारी मिस्सेला येणारा माणूस सोमवारी तहसीलमध्ये ख्रिस्ती नसतो. त्याच्यासमोर तू दिवा लावून, पदर घेतलेली बाई ठेवशील. तुला वाटेल, देशी. त्याला वाटेल, दाखल्यावरचं नाव देवळातही आलं. ती टोचणी देवाची नाही, तहसीलची आहे."

हे मला सुचलं नव्हतं. फोन्सेकाचा यात दोष नाही; त्यानं रंगवलं ते प्रामाणिक होतं आणि त्याची किंमतही मोजली. पण चित्र ज्या भिंतीवर लागतं, तीही चित्रात शिरते.

"मग तुझ्याकडे काही आहे का? ठेवायला?" मी जरा चिडूनच विचारलं.

तिनं पर्समधून प्लॅस्टिकच्या पाकिटातलं एक छोटं चित्र काढलं, जपमाळेबरोबर मिळतं तसलं. तिच्या आईचं. रोज अंगठा फिरवून फिरवून चेहरा पार गेला होता. निळ्या वस्त्राचा अंश आणि वर पांढरा ठिपका.

"हे ठेव म्हणणार होते," ती म्हणाली. "ना गोरी, ना वाड्यातली."

मोह फार झाला. तीन दिवसांचा सगळा प्रश्न एका पुसलेल्या ठिपक्यानं मिटला असता, आणि लोकांच्या डोळ्यांत पाणीही आलं असतं. त्यामुळंच शंका आली.

"नाही," मी म्हणालो. "हा चेहरा तुझ्या आईनं पुसला. चाळीस वर्षं तिच्यासमोर चेहरा होता म्हणून पुसला गेला. मी लोकांना आयता पुसलेला दिला तर त्यांच्या अंगठ्यांना काय काम? आणि मी ते वापरीन, मावशी. शुक्रवारी गोष्ट सांगीन, गळा भरून येईल माझा. काटा गेला मग."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं, घाटीत नवख्या डॉक्टरनं कधी नव्हे ते बरोबर निदान केल्यावर बघत असेल तसं. पाकीट परत पर्समध्ये गेलं.

"म्हणजे ठरलं काय?"

"काही नाही. दोन्ही घेऊन जाईन बहुतेक. शुक्रवारी रात्री लूक वाचेन, टेबल रिकामं ठेवेन आणि चित्रं बाजूला. शनिवारी त्यांनाच विचारीन की हवीत का, कुठलं आणि का. भांडले तर भांडू दे."

"भांडतील. त्या रिक्षावाल्याला मी ओळखते." ती कठड्याला धरून उठली. पायऱ्या उतरताना दर वळणावर माझा खांदा. निम्म्यावर थांबून म्हणाली, "मलाही नाव लावून घे. बावीस कर. आणि खाली चटया अंथरणार असशील ना तू, आश्रमासारख्या?"

"हो. आसनं सांगितलीत."

"मला खुर्ची ठेव. त्या आतल्यासारखी, पाय खाली सोडता येतील अशी."