शेवटच्या बाकावरचा व्हायोलिनवादक



ऑर्केस्ट्रा म्हटले की आपल्या जिल्ह्यात जत्रेतला रात्रीचा कार्यक्रम डोळ्यांपुढे येतो. निवेदक, दोन-तीन गायक, कीबोर्ड, ढोलक आणि पहाटेपर्यंत फर्माइशी. आज आम्ही ज्या ऑर्केस्ट्राविषयी लिहीत आहोत तो निराळा. पाश्चात्त्य सिंफनी ऑर्केस्ट्रात ऐंशी ते शंभर वादक असतात आणि त्यांत व्हायोलिनवालेच जवळजवळ तीस. 'पहिले' आणि 'दुसरे' अशा दोन गटांत, एका स्टँडपुढे दोघे, असे ते रांगेने बसतात. एका गटातले पंधरा-सोळा जण बहुतेक वेळ एकच स्वरावली वाजवतात. गज वर केव्हा न्यायचा आणि खाली केव्हा, हेसुद्धा पुढच्या बाकावरचा प्रमुख ठरवतो. शेवटच्या बाकावरच्या माणसाने उत्तम वाजवले तर सभागृहात कोणालाही ते वेगळे ऐकू येत नाही. सगळे थांबले असताना तो एकटा वाजला, तर मात्र सर्वांना ऐकू येते!

या नोकरीसाठी पाच-सहा वर्षांच्या वयापासून तयारी करावी लागते. रोज चार-चार तास रियाज, पुढे मान आणि खांदा कायमचे दुखणे. व्हायोलिन डाव्या कानाखाली धरायचे, म्हणून पुष्कळांच्या डाव्या कानाला आधी कमी ऐकू येऊ लागते. आणि एवढे करून स्वतःचा आवाज कधीच सुटा ऐकू जाणार नाही. मग प्रश्न पडतो: ज्या कामात आपण वेगळे दिसत नाही, त्यात आयुष्य घालवणे हे कमी प्रतीचे जगणे आहे काय?

हा प्रश्न आपल्यापासून फार दूरचा नाही. गोव्यातील चर्चच्या शाळांमध्ये पिढ्यानपिढ्या मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले गेले, ते मिस्सेच्या संगीतासाठी. शिकवणाऱ्याला तिथे 'मेस्त' म्हणत. तीच मुले मोठी होऊन पोटासाठी मुंबईला आली, धोबी तलावाजवळच्या आपापल्या गावाच्या 'कुडां'मध्ये राहिली आणि हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात वाजवू लागली. नोटेशन पाहून तिथल्या तिथे वाजवू शकणारे वादक त्या काळी फार थोडे होते, म्हणून त्यांना मागणी होती. ताडदेवच्या, वांद्र्याच्या स्टुडिओत गायक आणि साठ-सत्तर वादक एकाच वेळी, एकाच खोलीत. एकाचा गज चुकला की सर्वांनी पुन्हा पहिल्यापासून. आपण ज्या गाण्यांवर वाढलो, त्यांतल्या अंतऱ्याआधीचे ते व्हायोलिनचे लोट या लोकांनी वाजवलेले आहेत. पडद्यावर संगीतकाराचे नाव येई, कधी साहाय्यकाचे बारीक अक्षरांत येई. वाजवणाऱ्यांचे येत नसे. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठाचे ग्रेगरी बूथ यांनी यांतल्या कितीतरी वादकांच्या आठवणी जमवून २००८ मध्ये पुस्तक काढले, तेव्हा कुठे अनेकांची नावे छापली गेली.

अँथनी गोन्साल्विस हे त्यांतले एक. जन्म १९२७, गाव माजोर्डे. वडील तिथल्या चर्चमध्ये गायकवृंदाचे प्रमुख. १९४३ मध्ये मुंबईला येऊन ते नौशाद यांच्याकडे व्हायोलिन वाजवू लागले. पुढे ते वाद्यवृंदासाठी संगीतरचनाही लिहीत. १९५८ मध्ये त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ एकत्र आणणे हे त्यांचे स्वप्न होते, आणि त्या प्रयोगात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. व्यावसायिकदृष्ट्या ते स्वप्न टिकले नाही. १९६५ च्या सुमारास गोन्साल्विस अमेरिकेला गेले, परत आल्यावर चित्रपटांकडे फिरकले नाहीत आणि २०१२ मध्ये गोव्यात वारले. आपल्याला त्यांचे नाव माहीत आहे ते वेगळ्याच कारणाने. त्यांचे शिष्य प्यारेलाल संगीतकार झाले आणि १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधील एका गाण्यात त्यांनी गुरूचे नाव घातले. ते गाणे लग्नाच्या वरातीत अजून वाजते. त्या नावाचा माणूस खरोखर होता हे नाचणाऱ्यांना ठाऊक नसते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार आमच्या मनात राहिला. कारागिराची स्तुती होते ती त्याने केलेल्या वस्तूसाठी. कोणत्या हेतूने केली यासाठी नव्हे. टेबल पक्के असेल तर सुतार चांगला. या न्यायाने शेवटच्या बाकावरच्या वादकाला तक्रारीचे कारण नाही. गाणे चांगले झाले, त्याचे काम झाले. परंतु तेच थॉमस न्यायाविषयी सांगतात की ज्याचे जे आहे ते त्याला देण्याची स्थिर इच्छा म्हणजे न्याय. दोन्ही खरे कसे? आम्हांला वाटते, हे वाक्य कोणाच्या तोंडी आहे ते पाहावे. "काम चांगले झाले, माझे नाव कशाला?" असे वादक म्हणाला तर ती नम्रता. निर्माता म्हणाला, "काम चांगले झाले, तुझे नाव कशाला?" तर तो दुसऱ्याच्या वाट्याची नम्रता स्वतःच वाटून टाकतो आहे. नम्रता ज्याची त्यानेच द्यायची असते.

येथे संगीतातलीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. सोळा व्हायोलिने एकत्र वाजली म्हणजे एक व्हायोलिन सोळा पट मोठे ऐकू येते असे नाही. अजिबात नाही. प्रत्येकाचा सूर केसभर वर किंवा खाली, प्रत्येकाचा गज क्षणभर मागेपुढे. हे फरक इतके सूक्ष्म की चूक म्हणून कळत नाहीत, पण त्यांच्यामुळेच त्या आवाजाला ती ऊब आणि भरणा येतो. सोळा जण तंतोतंत सारखे वाजवू शकले असते तर हा आवाज निघालाच नसता. म्हणजे वादक त्या रांगेत विरून गेला असे आपण समजतो तेव्हाही त्याचे वेगळेपण त्या आवाजात असतेच, फक्त बोट ठेवून दाखवता येत नाही. कीर्तनात दहा टाळकरी उभे असतात तेव्हा हेच होते. संत पौलाने अवयवांचा दृष्टांत दिला तेव्हा त्याला टाळकरी माहीत नव्हते, नाहीतर तोही आला असता. पुढे सिंथेसायझर आला, एक माणूस एका बटणावर व्हायोलिनचा ताफा वाजवू लागला, आणि वीस-तीस वर्षे स्टुडिओत काढलेल्या वादकांचे बोलावणे बंद झाले. तो आवाज तसा नाही हे पुष्कळांना कळत होते. पण तो स्वस्त होता.

कायद्याचेही पाहा. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलाकाराला आपली ओळख दिली जावी असे मागण्याचा हक्क मिळाला. चांगले झाले. त्याच दुरुस्तीत असेही आहे की चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचे नाव कुठेच दिले जात नाही, तो बहुतेक बाबतींत 'कलाकार' धरला जाणार नाही. व्हायोलिनवादकाचे काम प्रासंगिक म्हणायचे की नाही, हे वकिलांनी ठरवावे. पण नाव न देण्याचा रिवाज आहे म्हणून हक्क नाही, ही युक्तिवादाची तऱ्हा आम्हांला विचित्र वाटते.

आणि मुंबईला बोट दाखवून आपण मोकळे होऊ नये. पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीला जाणारे नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजले जातात. मुकादमाची उचल बहुधा नवऱ्याच्या नावावर. पहाटे थंडीत ऊस तोडून मोळ्या वाहणारी बाई त्या हिशेबात अर्धा कोयता, आणि तिचे नाव त्या वहीत नसते. उलट, आपल्या चर्चांत पंख्याच्या पात्यांवर देणगीदाराचे नाव इतके ठसठशीत असते की पंखा फिरेपर्यंत मिस्सेत लक्ष तिकडेच जाते. ते असो.

गेल्या सणाच्या मिस्सेत गायकवृंदाबरोबर हार्मोनियम, तबला, गिटार, टाळ वाजवणाऱ्यांची आणि आदल्या संध्याकाळी बाके पुसून सतरंज्या घालणाऱ्यांची नावे या अंकाच्या मागच्या पानावर दिली आहेत. छापण्यापूर्वी प्रत्येकाला विचारले. तिघांनी नाव नको म्हणून सांगितले, त्यांची छापलेली नाहीत.