जेत्यांची कथा आणि जितांची साक्ष

इतिहास जेते लिहितात, हे वचन आता इतके रूढ झाले आहे की, महाकाव्येही त्याच कसोटीस लावली जातात. महाभारतातील धर्मयुद्ध म्हणजे पांडवांच्या वंशाने करविलेली आपलीच प्रशस्ती होय, असा आक्षेप कोणी घेतल्यास तो हसून उडवून देता येईल काय?

आक्षेपास आधार खुद्द ग्रंथातच आहे. वैशंपायनाने ही कथा सांगितली ती जनमेजयाच्या सर्पसत्रात. श्रोता अर्जुनाचा पणतू, आणि प्रसंग नागकुलाच्या संहाराचा! आस्तिकाने ते सत्र थांबविले तो दिवस नागपंचमीचा, अशी लोकसमजूत आहे. त्याच दिवशी बत्तीस शिराळ्यास नागाचा मोठा उत्सव होतो. पूर्वी तेथे जिवंत नाग पकडून पूजीत असत, पुढे कायद्याने त्यास निर्बंध घातले. राजाने ज्यांस अग्नीत लोटले, त्यांस शिराळकरांनी दैवत मानले. तेव्हा ह्या कथेस दुसरी बाजू आहे, हे आपल्या लोकांस नव्याने शिकवावयास नको.

खांडववन जळत असता पळणाऱ्या जीवांस कृष्णार्जुनांनी वाट दिली नाही. अश्वसेन नाग, मय आणि चार शार्ङ्गक पक्षी, एवढेच वाचले. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’ (1967) ह्या ग्रंथात ह्या दहनाकडे भूमीसाठी केलेला संहार म्हणूनच पाहिले आहे.

परंतु येथेच आक्षेप अडखळतो. निव्वळ भाटाने हे सारे गाळले असते. पुत्राला वाचविताना अर्जुनाच्या बाणाने मेलेली अश्वसेनाची माता, भीमाने नियम मोडून केलेला गदाप्रहार, पडलेल्या दुर्योधनावर झालेली पुष्पवृष्टी, गांधारीचा शाप, आणि शेवटी युधिष्ठिराच्या आधी स्वर्गात विराजमान झालेला दुर्योधन. हे सर्व जेत्याच्या पणतूस त्याच्या तोंडावर ऐकविले आहे. ज्या प्रशस्तीत शत्रूची साक्ष इतकी नोंदली जाते, तिला केवळ प्रशस्ती म्हणणे न्यायाचे नव्हे.

मग ग्रंथ सर्वस्वी निर्दोष ठरतो काय? तसेही नाही. लाक्षागृहात पांडवांच्या ऐवजी एक निषादी आणि तिचे पाच पुत्र जळाले. सहा जणांस मागे ठेवून निसटावे, हा विचार ग्रंथकाराने प्रत्यक्ष धर्मराजाच्या तोंडी घातला आहे. त्या सहांस ना नाव, ना विलाप, ना शाप देणारी गांधारी. हस्तिनापुरास जो शोक झाला तो पांडवांसाठी, राखेत सापडलेली प्रेते मात्र ह्यांची!

आज दुर्योधनास नायक करणारे आपणांस बंडखोर म्हणवितात. पण त्यांनी केवळ सिंहासनावरील माणूस बदललेला असतो. पराभूत राजास कैवारी मिळतात, कारण तोही राजाच असतो. जेत्यांच्या कथेची खरी परीक्षा करावयाची, तर तिने शत्रूस किती काळे रंगविले एवढेच पाहून भागणार नाही. जो कोणाचाच शत्रू नव्हता आणि तरी जळाला, त्याच्यासाठी तिने एक ओळ तरी राखली काय, हे विचारावे. महाभारताने त्या निषादीचे मरण लपविले नाही, हे त्याचे मोठेपण. तिच्यासाठी कोणी रडले नाही, हे त्याचे न्यून. आणि पिढ्यान्‌पिढ्या ते प्रकरण वाचूनही पांडव सुटले एवढाच आनंद आपण मानीत आलो, हे न्यून मात्र व्यासांचे खास नव्हे.