गैरहजेरीचा खर्च

रावेर तालुक्यातील केळीच्या बागांत निंदणीस जाणारी स्त्री पहाटे निजलेल्या मुलाच्या कपाळास हात लावते, आणि ते तापलेले आढळल्यास त्याला अंगणवाडीत पाठवावे की नाही याचा जो निर्णय तिला कामावर निघण्यापूर्वीच्या अल्प अवधीत करावा लागतो, त्यास आपण वैद्यकीय निर्णय समजतो. वस्तुतः तो बव्हंशी अर्थव्यवहाराचा असतो.

वैद्यकाच्या बाजूने प्रकरण फारसे गहन नाही. नुसते नाक वाहणारे, पण खेळते-जेवते मूल घरी डांबण्यात हशील नाही. ताप, जुलाब वा ओकाऱ्या असतील तर त्याने घरीच राहावे, कांजिण्या असल्यास सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत आणि गोवर असल्यास पुरळ उठल्यापासून निदान चार दिवस. गोवराची खोच मात्र अशी, की पुरळ दिसण्यापूर्वीही सुमारे चार दिवस तो पसरत असतो, त्यामुळे पुरळ पाहताच मुलास घरी धाडणारी सेविका आपले कर्तव्य बजावीत असली तरी बरेचसे नुकसान आधीच होऊन गेलेले असते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत आणि खानदेशाच्या शेजारच्या मालेगावात ही साथ आली, तेव्हा वेळेवर टोचलेल्या लशीचे मोल पुन्हा कळले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने पोषण, लसीकरण आणि शाळापूर्व शिक्षण एकाच छपराखाली आणले. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तेथे गरम आहार मिळतो. म्हणूनच मूल घरी राहिले की आईचा रोज आणि मुलाचे जेवण दोन्ही बुडतात, आणि तेही आजारामुळे अन्नाची निकड वाढलेली असताना. ताप उतरवण्याचे औषध पाजून मूल पाठवणारी आई चुकते, कारण औषधाचा अंमल ओसरताच ते पुन्हा तापते. परंतु तिला लबाड ठरवणाऱ्याने तिच्या त्या दिवसाच्या जमाखर्चावर एकदा नजर टाकावी. ती घरी राहिली नाही तर पुष्कळदा थोरल्या मुलीची शाळा बुडते, ही तिसरी हानी तर कोणाच्याच हिशेबात नसते.

२०१७ च्या सुधारणेने प्रसूती लाभ कायद्यात पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सक्ती आली. पाच-सात बायका निंदतात त्या बागेपर्यंत ते कलम पोहोचत नाही. तेव्हा आजारी मूल दूर ठेवण्याचा हक्क गावाला हवा असेल, तर त्याचा आहार घरी पोहोचविण्याची तजवीज गावानेच आधी करावी, आणि बागायतदारांनी अशा दिवसापुरता अर्धा रोज देण्याचा पायंडा पाडावा. केळीला भाव बरा असलेल्या वर्षी तो खर्च एखाद्या घडाच्या किमतीत बहुधा भागेल.