अडगळ, अपव्यय आणि अमानत



अपव्यय करणाऱ्यांचे नाते दिव्य कुरआनने थेट सैतानाशी जोडले आहे (१७:२७). ही शिकवण आपल्या घरांत लहानपणापासून कानावर पडते. ताटात दाणा टाकू नये, कपडा उसवला तर शिवावा, डबा रिकामा झाला तर धुऊन ठेवावा. आदरणीय प्रेषित (स.) स्वतः आपली पादत्राणे सांधत आणि कपडे शिवत, हे ह. आयशा (रजि.) यांच्या कथनावरून आपल्याला ज्ञात आहे. परंतु काही घरांत याच सवयीला असे वळण लागते की जपलेल्या वस्तू माणसांनाच घराबाहेर ढकलू लागतात.

मोशी, चिखली, भोसरी या भागातील चाळींत आणि लहान सदनिकांत हे आढळते. चाकणच्या कंपनीतून आणलेली खोकी व थर्माकोल, गावी न्यायचे म्हणून बांधलेली आणि कधीच न नेलेली गाठोडी, बंद पडलेले मिक्सर, पिशव्यांनी भरलेल्या पिशव्या. मुसल्ला अंथरायला जागा उरत नाही. पाहुणा आला की दार अर्धेच उघडले जाते. मुलगा चिडतो, सून रडते, आणि ज्या वृद्ध आईने हे सारे साठवले ती एकेका डब्यावर हात ठेवून म्हणते, "राहू दे बाबा, कधीतरी कामाला येईल."

अशा वेळी कोणीतरी सूरह हुमझा ऐकवतो, कारण तीत धन साठवून ते मोजत बसणाऱ्याचा निषेध आहे. पण त्या सूरहचा आरंभ कोणाच्या निषेधाने होतो, हे त्याने पाहिलेले नसते. आरंभ होतो तो लोकांना टोमणे मारणाऱ्याच्या आणि त्यांची निंदा करणाऱ्याच्या निषेधाने! आपल्या धनामुळे आपण अमर होऊ असे मानणारा गर्विष्ठ कुठे आणि रिकामी बाटली टाकताना जिचा जीव कासावीस होतो ती आई कुठे? वस्तू टाकून देणे जवळजवळ अशक्य वाटावे, हा एक आजार असू शकतो. २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने त्याला स्वतंत्र विकार म्हणून मान्यता दिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणातही त्याला स्थान आहे. आजारी माणसाला कंजूष म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे. डॉक्टरांना दाखवावे, शासनाच्या टेलीमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. उपचार घेणे तवक्कुलच्या विरोधात जात नाही.

दुसरी चूक याहून मोठी आहे. आई गावी गेली की मुले टेम्पो बोलावतात आणि घर रिकामे करतात. बंधूंनो, ती मालमत्ता तिची आहे. मालकाच्या राजीखुशीशिवाय त्याची वस्तू घेणे शरीअतला मान्य नाही, मग ती वस्तू आपल्या दृष्टीने कवडीमोलाची का असेना. शिवाय विश्वास तुटला की साठवण दुपटीने वाढते. मात्र दार अडत असेल, विजेच्या मीटरखाली रद्दीचा ढीग असेल, डब्यांत साचलेल्या पाण्यात डास होत असतील, तर ते सहन करावे असेही नाही. कोणालाही इजा पोहोचू नये हे इस्लामचे मूलतत्त्व आहे. रस्त्यातील त्रासदायक वस्तू दूर करणे हा ज्या धर्मात ईमानचा भाग आहे, तेथे घराच्या दारातील वाट मोकळी करणे त्याहून कमी कसे असेल? म्हणून आरंभ तेथूनच करावा, तिला शेजारी बसवून, दिवसाला एक पिशवी, निर्णय तिचा.

तिच्या मनातील भीती बहुधा एकच असते: टाकले तर वाया जाईल आणि गुनाह लागेल. या भीतीला उत्तर आहे. मेलेल्या बकरीजवळून जाताना प्रेषितांनी (स.) तिच्या कातड्याचा उपयोग का केला नाही, असे विचारल्याचे बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आले आहे. एकदा घरातील बकरीचे मांस वाटून केवळ खांद्याचा भाग उरला, तेव्हा जे वाटले गेले तेच खरे उरले, असा बोध त्यांनी ह. आयशा (रजि.) यांना दिला. आईला हे समजावून सांगावे की काच, लोखंड, पुठ्ठा भंगारवाल्याकडे गेला की त्याची पुन्हा वस्तू बनते. माळ्यावर पडून गंजले तेच खरे वाया गेले. २०२५ च्या फेब्रुवारीत कुदळवाडीतील भंगाराच्या गोदामांवर महापालिकेची कारवाई झाली. त्या व्यवसायात आपलेही पुष्कळ बांधव होते. भंगार गोळा करणाऱ्याचा घास हलाल श्रमाचा आहे. रद्दी तिच्यासमोरच तोलून घ्यावी आणि आलेले पैसे तिच्या हाती द्यावेत. त्यातून सदका करायचा की नाही, हे ती ठरवील.

फाटके कपडे मात्र सदका म्हणून कोणाच्या गळ्यात मारू नयेत. जे आपण स्वतः डोळे मिटल्याखेरीज घेणार नाही ते दान देण्यास कुरआनने मनाई केली आहे (२:२६७). धडके ते गरजूला, जीर्ण ते चिंधीवाल्याला. उरलेला सुका कचरा ओल्यात न मिसळता घंटागाडीत द्यावा. मोशीच्या कचरा डेपोत १ ऑगस्ट २०२३ रोजी कचऱ्यापासून वीज बनवणाऱ्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले. वर्षाकाठी सुमारे अडीच लाख मेट्रिक टन कचरा तेथे वापरण्याची योजना आहे. ओला कचरा मिसळला की सुका जळायलाही धड राहत नाही.

आपल्या घरांतील एक साठा तेवढा वेगळा आहे: आयती छापलेली कॅलेंडरे, बिस्मिल्लाह असलेल्या लग्नपत्रिका, उर्दू वर्तमानपत्रे आणि हे मासिकसुद्धा. रद्दीत देण्याचे धाडस होत नाही, म्हणून वर्षानुवर्षे गठ्ठे वाढतात. आयत किंवा अल्लाहचे नाव असलेला भाग कापून वेगळा ठेवावा, बाकीचा कागद निःसंकोच रद्दीत द्यावा. वेगळा केलेला भाग स्वच्छ कापडात गुंडाळून, जेथे कोणाचा पाय पडणार नाही अशा जागी पुरावा. वाहत्या पाण्यात सोडण्याचीही अनुमती फिकहच्या ग्रंथांत आहे, परंतु आजच्या इंद्रायणीत ते कागद कोणत्या घाणीत जाऊन अडकतील हे मोशीकरांना सांगायला नको, पुरणेच बरे. घरात जागा नसेल तर आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारावे. हे काम आईकडूनच करवून घ्यावे. कात्री तिच्या हाती द्यावी, आणि तिने एखादी पत्रिका "ही माझ्या धाकटीच्या निकाहची" म्हणून बाजूला काढली, तर ती तिच्या उशाशी राहू द्यावी.