फूल, छाया आणि स्मरण

आईने लावलेल्या सोनचाफ्याला बहर आला की तिच्या मुलाने कॅमेरा घेऊन झाडाखाली उभे राहावे, यात आता नवल उरलेले नाही. पण ह्या कृतीत चित्र नेमके कोणाचे घेतले जाते? फुलाचे, आईचे, की स्वतःच्या दुःखाचे? गेलेल्या माणसाला असे आठवणे म्हणजे त्याचे ऋण मानणे, की त्या ऋणातून स्वस्तात मोकळे होणे?

मृतांच्या स्मरणदिनी, २ नोव्हेंबरला, आपण कबरींवर फुले वाहतो. ती कोमेजतात; म्हणूनच पुन्हा जावे लागते. वाहिलेले फूल आपल्या हातून सुटते, छायाचित्रातले फूल आपल्याजवळच उरते. एक दान आहे, दुसरा संग्रह. इ. स. ३८७ मध्ये ओस्तिया येथे मृत्युशय्येवर असताना संत मोनिकेने आपला देह कुठेही पुरावा, मात्र प्रभूच्या वेदीपाशी आपले स्मरण व्हावे, एवढेच मागितल्याचे तिचे पुत्र संत ऑगस्टीन यांनी ‘कन्फेशन्स’मध्ये नमूद केले आहे. तिला वस्तू नको होती, स्मरण हवे होते. ह्या कसोटीवर छायाचित्र ही निव्वळ वस्तूच ठरते.

आक्षेप वजनदार आहे. परंतु तो चित्रावर आहे, चित्र घेण्याच्या कृतीवर नाही. इंग्लंडमधील अॅना अॅटकिन्स ह्या वनस्पती-अभ्यासक स्त्रीचे उदाहरण पाहा. १७९९ साली जन्मलेली अॅना तान्हेपणीच आईला पारखी झाली. शास्त्रज्ञ पिता जॉन जॉर्ज चिल्ड्रेन यांनी तिला वाढवले. त्यांनी लामार्कच्या शंखशिंपल्यांवरील ग्रंथाचा अनुवाद केला, तेव्हा त्यासाठी चित्रे तिने रेखाटली. १८४२ साली जॉन हर्शेल यांनी निळ्या ठशांची पद्धत शोधली आणि दुसऱ्याच वर्षापासून अॅना त्या पद्धतीने घेतलेली समुद्रशेवाळांची चित्रे प्रसिद्ध करू लागली. १८५२ मध्ये वडील वारले. तिने त्यांच्या आठवणींचा ग्रंथ लिहिला, शेवाळांचे काम पुरे केले आणि मैत्रीण अॅन डिक्सन हिच्यासह नेचे व फुलझाडे यांचेही ठसे घेतले. त्या पानांवर वडिलांचे चित्र नाही; पण बारकाईने पाहण्याची जी दृष्टी त्यांच्या सहवासात घडली, ती पानोपानी आहे.

ह्या पद्धतीत कॅमेरा नसतो. लोहक्षारांचा लेप दिलेल्या कागदावर वनस्पती ठेवून तो उन्हात धरतात, मग पाण्याने धुतात. ऊन पोहोचले तिथे कागद निळा होतो. वनस्पतीने ऊन अडवले तिथे तो पांढरा राहतो. म्हणजे जी आकृती दिसते ती रिकाम्या जागेची. वनस्पती उचलली जाते, ती जिथे होती त्या जागेची कड मात्र राहते. दिवंगतांचे स्मरणही असेच असावे: त्यांना धरून ठेवणे नव्हे, तर त्यांच्यामुळे आपल्यावर उमटलेली आकृती ओळखणे.

फुलाचे छायाचित्र घ्यायचे तर वारा पडण्याची वाट पाहावी लागते, गुडघे टेकावे लागतात, पाकळीवरची मुंगीही दिसावी लागते. कोणती कळी उद्या उमलेल हे ओळखणाऱ्या आईची हीच तर नजर होती. क्षणभर का होईना, मुलगा तिच्या डोळ्यांनी पाहतो. त्या क्षणी फूल हे तिच्या आठवणीचे साधन राहत नाही. ते फूल म्हणूनच दिसते, आणि तसे दिसणे हेच स्मरण होय.

मात्र ही नजर फुलापाशीच थांबली तर ती अपुरी आहे. चाफ्यासाठी अर्धा तास थांबणाऱ्याला ओटीवर बसलेल्या वृद्ध वडिलांसाठी पाच मिनिटे नसतील, तर त्याने आईची केवळ आवड उचलली, माया नव्हे. मृतांसाठी प्रार्थना करावी, हे ख्रिस्तसभेने शिकवलेच आहे. परंतु त्यांनी आपल्याकडे ज्या मायेने पाहिले, ती त्यांना परत करता येत नाही; ती जिवंतांना द्यावी लागते.