कॉटची पैसेवारी

पुण्याच्या सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठांतील जुन्या वाड्यांत स्पर्धापरीक्षेसाठी येऊन राहणारा विद्यार्थी खोली घेत नाही, कॉट घेतो. आणि ‘कॉट बेसिस’ या शब्दांनी जो करार सूचित होतो त्यात एक लोखंडी पलंग, त्याखाली ट्रंक सरकवण्यापुरती जागा, भिंतीतला एक खिळा आणि सामाईक नळावरची सकाळची पाळी यांपलीकडे फारसे काही नसते, दस्तऐवज तर बहुधा नसतोच. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, अभ्यासिका व खानावळी बंद पडल्या, ५ एप्रिलला व्हावयाची राज्यसेवेची पूर्वपरीक्षा लांबत लांबत २१ मार्च २०२१ वर गेली, आणि दोन कपडे पिशवीत कोंबून मुले आपापल्या गावी परतली. ट्रंक तेवढी कॉटखाली राहिली.

त्या ट्रंकेचे भाडे कोणी द्यावयाचे, हा प्रश्न दिसतो तितका क्षुद्र नाही. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या २९ मार्चच्या आदेशात कामगारांकडून महिनाभर भाडे मागू नये असे एके ठिकाणी म्हटले होते, आणि मजुरांना वा विद्यार्थ्यांना जागा सोडावयास लावणाऱ्या मालकावर कारवाई होईल असे दुसऱ्या ठिकाणी. म्हणजे विद्यार्थी दुसऱ्या कलमात होता, पहिल्यात नव्हता. त्याचे छप्पर राखले गेले, देणे मात्र जसेच्या तसे राहिले. पुढे १७ एप्रिलला राज्याच्या गृहनिर्माण विभागाने भाड्याची वसुली किमान तीन महिने लांबणीवर टाकावी, अशी सूचना घरमालकांना दिली.

महसुलाच्या जुन्या दप्तरात ‘सूट’ आणि ‘तहकुबी’ हे दोन शब्द कारकुनाने एकमेकांच्या जागी चुकूनही लिहिले नसते, कारण सूट म्हणजे देणे नाहीसे होणे आणि तहकुबी म्हणजे तेच देणे पुढच्या सालावर जाऊन बसणे. शासनाने दिली ती तहकुबी. मुलांनी, बापड्यांनी, ती सूट समजून घेतली, आणि दिवाळीनंतर तंटे झाले ते या गैरसमजातून. वस्तुतः यांतील कितीएकांचे वडील मराठवाड्यातले शेतकरी. गावाची पैसेवारी, म्हणजे पिकाच्या उताऱ्याचा सरकारी अंदाज, पन्नास पैशांखाली उतरली की काय होते हे त्यांना शिकवावे लागत नाही. पीक किती बुडाले हे आधी पाहावयाचे, वसुलीचे मग ठरवावयाचे, एवढी समज ज्या राज्याच्या महसूल खात्याला पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्याच राज्यात कॉटची पैसेवारी मात्र कोणी लावली नाही.

इंग्लंडात मँचेस्टर विद्यापीठाच्या वसतिगृहांतील विद्यार्थ्यांनी त्याच वर्षी भाडे रोखून धरले आणि पहिल्या सत्रापुरती तीस टक्के कपात पदरात पाडून घेतली. पण तेथे मालक एकच होता. पेठांत प्रत्येक जिन्याला वेगळा मालक, आणि त्यांतले पुष्कळसे मालक म्हणजे भाड्यावर औषधपाणी चालवणाऱ्या वृद्ध विधवा. पूर्ण भाडे मागणे मला अन्यायाचे वाटते. परंतु एक पैसाही देणार नाही असे म्हणणाऱ्याने आपली पुस्तके सहा महिने कोणाच्या छपराखाली कोरडी राहिली, हेही सांगितले पाहिजे. नुकसान दोघांचे होते, म्हणून ते दोघांनी वाटून घ्यावयास हवे होते, आणि वाटणीचे प्रमाण ठरवणारा तिसरा कोणी हवा होता.

माझ्या परिचयाच्या एका घरमालकीणबाईंच्या वहीत प्रत्येक कॉटला एक पान आहे. नोव्हेंबरात टेम्पो घेऊन आलेल्या एका मुलाने ट्रंक बाहेर ओढली, तेव्हा गादीला उंदरांनी भोक पाडलेले निघाले. ‘काकू, अर्धे धरा,’ तो म्हणाला. त्यांनी चष्मा पुसला, डिपॉझिटमधून निम्मे वळते केले, उरलेल्या नोटा दोनदा मोजून त्याच्या हातावर ठेवल्या, आणि वहीत एप्रिल ते ऑक्टोबरसमोर काय लिहावे हे न सुचून ती सातही घरे कोरीच ठेवली.